गोट्यातला अमोनाइट : सहा दगड, चार महिने, कामाच्या नोंदी

आधीच सांगते, मी जिऑलॉजीवाली नाही, घरून अकाउंट्सचं काम करते आणि गॅरेजमध्ये एक टेबल आहे एवढंच. अमोनाइट म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणारा, केव्हाच नामशेष झालेला समुद्री प्राणी, त्याचे शंख दगडाच्या गोट्यांत अडकलेले सापडतात. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणारे असे गोटे घरी कसे उघडायचे हे मी चुकतमाकत शिकले, त्या चुका कुणी परत करू नयेत म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतेय. गोट्यांना एक ते सहा नंबर दिलेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आज दसरा. हातोडी, दोन छिन्न्या आणि गॉगल पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, नवरा हसला, मग स्टॉकटनहून निघालो ते तासाभरात व्हिटबीला. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवली होती, हे व्हिटबीजवळच्या सॉल्टविकच्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं, कारण भरती आली की कड्याखाली अडकायला होतं आणि कडा सतत ढासळत असतो. कड्याला हातोडी लावायची नाही, तो संरक्षित आहे, आणि गरजही नाही, समुद्रच काम करून ठेवतो. खाली पडलेले सुटे गोटेच उचलायचे.

कुठला गोटा उचलायचा? पहिला तासभर मी नुसते गोल दगड उचलत होते. मग कळलं की कडेला लक्ष द्यायचं, जुन्या नाण्याच्या कडेला दाते असतात ना, तशी बारीक दातेरी रेघ गोट्याच्या काठावर कुठेतरी डोकावत असते. ती म्हणजे अमोनाइटच्या शंखाच्या बरगड्या. सहा गोटे घेतले, वजन ११ किलो, वर चढताना पायऱ्यांवर तीनदा बसले.

व्हिटबीत या दगडांना सापदगड म्हणायचे. सातव्या शतकात इथल्या मठाची प्रमुख हिल्डा होती, तिने साप दगड करून टाकले अशी गोष्ट, आणि दुकानदार तर अमोनाइटला चक्क सापाचं डोकं कोरून विकायचे. इथल्या एका अमोनाइटचं शास्त्रीय नावच तिच्यावरून हिल्डोसेरस.

संध्याकाळी राहवलं नाही. नंबर १ फरशीवर ठेवला आणि हाणला. मधोमध आडवा तुटला, गोट्यासकट आतला अमोनाइटही, भाकरी मोडावी तसा. चूक अशी की मी गोट्याच्या सपाट बाजूवर मारलं. मारायचं असतं काठावर, जिथे दातेरी रेघ दिसते त्याच रेषेत, हलक्या हाताने, गोटा फिरवत फिरवत, आणि खाली वाळूची पिशवी ठेवून. पहिल्या दिवशीच नारळ फुटला म्हणायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल चिडून फेकणार होते तो तुकडा आज धुतला आणि बघतच बसले. आडवा तुटल्यामुळे वेढे कापलेल्या केळ्याच्या चकत्यांसारखे दिसतायत, मधून दोन्हीकडे मोठे होत गेलेले. आणि आतल्या तीन चकत्यांमध्ये खालचा भाग करडा गाळ, वरचा भाग पांढरे चमकदार स्फटिक, आणि दोघांमधली रेघ एकदम सरळ. तिन्ही चकत्यांत ती रेघ एकाच दिशेत.

म्हणजे काय तर शंख समुद्रतळाशी आडवा पडला, कुठून तरी फटीतून थोडा गाळ आत शिरला आणि पाण्यासारखा सपाट बसला, उरलेल्या पोकळीत नंतर सावकाश कॅल्साइट, म्हणजे ते पांढरे स्फटिक, जमलं. गवंड्याची लेव्हलच. कुठली बाजू वर होती हे १८ कोटी वर्षांनी सांगता येतं. सगळ्यात बाहेरचा वेढा मात्र पूर्ण गाळाने भरलाय, तिथे स्फटिक जवळजवळ नाहीतच. याचं कारण तेव्हा डोक्यात शिरलं नाही, पुढे येईल.

२० ऑक्टोबर, रविवार

नंबर २. डॅक्टिलिओसेरस, दोरीची चुंबळ गुंडाळून ठेवावी तसा दिसणारा, बारीक बरगड्यावाला, व्हिटबीत हाच सगळ्यात जास्त मिळतो. हातोडीने एक बाजू छान मोकळी झाली, पण मधल्या वेढ्यांवर चुनखडी चिकटून राहिलेली. म्हंटलं केटलमधला पांढरा थर व्हिनेगरने निघतो, हाही चुनाच, मग काय. रात्रभर व्हिनेगरच्या डब्यात बुडवून ठेवला.

सकाळी चुनखडी तशीच आणि बरगड्या गायब. वर पांढरट पीठ. अगदी साधी गोष्ट होती, गोटाही कॅल्शियम कार्बोनेट आणि शंखही कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडला काय कळणार कुठला कुठला, उलट शंख पातळ म्हणून तोच आधी जातो. तुमचा दगड चुनखडीचा असेल तर व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर काहीही लावू नका. हा सगळ्यात चांगला पीस होता, अजून वाईट वाटतं.

२७ ऑक्टोबर आणि पुढचे रविवार

आता यंत्र घेतलंच. एअर पेन म्हणजे हवेच्या दाबाने टोक थरथरवणारी छोटी छिन्नी. पेन स्वस्तातलं, २८ पौंड, कॉम्प्रेसर जुना, ऑनलाइन जाहिरातीतून, ९० पौंड. विकणाऱ्याने 'जवळजवळ नवा' लिहिलं होतं, आत गंजाचं पाणी होतं. पंधरा मिनिटं चाललं की पेनमधून पिचकारी उडायची, दगडावर धुळीचा चिखल, काही दिसेना. दोन रविवार यातच गेले. शेवटी पाइपात पाणी अडवणारा ट्रॅप बसवला, ९ पौंड, आणि टाकीच्या खालचा व्हॉल्व्ह दर वेळी काम झालं की उघडून ठेवायला लागले. कॉम्प्रेसर घेताना टाकी केवढी यापेक्षा मिनिटाला हवा किती देतो ते बघा, माझा सतत धडधडत असतो, शेजारच्या आजोबांनी एकदा येऊन नीटच सांगितलं, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर बंद.

मास्क चांगला घ्या. कापडी नाही, धूळ अडवणारा घट्ट बसणारा. पहिल्या दिवशी ओढणी बांधून बसले होते, रात्री नाक शिंकरलं तर सिमेंट.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाई दिवाळीच्या आधीच वाईहून आल्यात, फेब्रुवारीपर्यंत आहेत. आज तुळशीचं लग्न, इथे कुंडीतलीच तुळस, खिडकीत. नंबर १ चा तुकडा टेबलावर पडला होता तो त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शाळिग्राम!"

आणि ते खरंच आहे. गंडकीच्या काठी मिळणारे काळे शाळिग्राम म्हणजे हिमालयातल्या काळ्या शेलमधले (शेल म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड) अशाच प्रकारचे गोटे, आणि त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइटच. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता. कच्छमध्येही ज्युरासिक अमोनाइट भरपूर आहेत, १८७० च्या दशकातच त्यांच्यावर मोठा ग्रंथ निघाला होता. आपल्या वाई-साताऱ्याकडे मात्र सगळा काळा बेसॉल्ट, तिथे जन्मभर खणलं तरी अमोनाइट मिळायचा नाही, त्यामुळे देव्हाऱ्यातला तो एक दगड एवढीच घरातली ओळख.

मी त्यांना सांगत होते की बारीक रेघा दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरून बघावं लागतं. त्या म्हणाल्या, "कोरडा कशाला बघतेस? चक्र अभिषेकाच्या वेळी दिसतं, ओला कर." केला. करड्यावर करडं काहीच कळत नव्हतं तिथे गाळ काळा आणि स्फटिक पांढरे असे वेगळे झाले. आता टेबलावर कायम स्प्रेची बाटली असते. पाणी मारायचं, पेन्सिलने हद्द आखायची, सुकू द्यायचं, मग पेन चालवायचं.

१७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर

नंबर ३, हिल्डोसेरस. हा चपटा, विळ्यासारख्या वाकड्या बरगड्या, प्रत्येक वेढ्याच्या बाजूवर मधून एक खाच जाते, आणि बाहेरच्या काठावर धार, धारेच्या दोन्ही बाजूंना चर. एकूण १४ तास पेन चालवलं. शिकलेलं असं की टोक शंखावर सरळ रोखायचं नाही, थोडं तिरपं, शंखापासून दोन-तीन मिलिमीटर वरच थांबायचं, मग गोट्याचा शेवटचा पापुद्रा आपोआप सुटतो. सुटला तर.

आठव्या तासाला सुटला तो शंख बरोबर घेऊनच सुटला. रुपयाएवढा तुकडा टण्णकन उडाला, शंखाचा थर गोट्याला चिकटून गेला आणि खाली राहिला आतला साचा. मी पेन ठेवून चहाला गेले. परत येऊन पाणी मारलं तर त्या उघड्या जागेवर नागमोडी, फर्नच्या पानासारखी कातरलेली रेघ. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी.

हीच ती शिवण. शंखाच्या आत पडदे असतात, पडदा जिथे शंखाच्या भिंतीला आतून चिकटतो ती रेघ. बाहेरून कधीच दिसत नाही, वरचा शंख गेला तरच दिसते. म्हणजे सजावटीचा पीस म्हणून जो बाद झाला तोच बघण्यासारखा झाला. उडालेला तुकडा जपून ठेवलाय पण परत चिकटवला नाही, मुद्दाम.

शंख भुसभुशीत वाटत होता म्हणून पॅरालॉइड लावायचं ठरवलं, म्युझियमवाले वापरतात तो राळेसारखा प्लास्टिकचा दाणा, ॲसिटोनमध्ये साधारण पाच टक्के विरघळवायचा. घरात नेलपॉलिश रिमूव्हर होतं तेच ओतलं. त्यात तेल-सुगंध असतो, सगळी लापशी झाली आणि दगडावर चिकट डाग. शुद्ध ॲसिटोन वेगळं आणा, खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ नको.

८ डिसेंबर, रविवार

व्हिटबीतल्या दुकानातून मोरोक्कोचा पॉलिश केलेला गोनियाटाइट आणला, ८ पौंड. हा अमोनाइटच्या खानदानातला फार जुना, डेव्होनियन काळातला. दोन्ही दगडांवर ट्रेसिंग पेपर ठेवून शिवण पेन्सिलने उतरवली आणि फ्रिजवर चिकटवली.

गोनियाटाइटची शिवण म्हणजे शाळेतल्या मुलीने काढलेल्या लाटा, नुसते वळसे आणि टोकं, कुठे बारीक काम नाही. हिल्डोसेरसची म्हणजे पैठणीच्या काठावरची नक्षी. मधला टप्पा ट्रायासिकमधल्या सेराटाइट्सचा, त्यात शिवणीचा फुगवटा साधा गोल पण मागे जाणारा खळगा दातेरी. माझ्याकडे तो नाही, जर्मनीतल्या दगडाचा फोटो लावलाय. तीन चित्रं शेजारी ठेवली की २० कोटी वर्षांचा प्रवास फ्रिजवर मावतो. नक्षी का वाढत गेली याच्यावर एकमत नाही, पाण्याच्या दाबाला पातळ पडदा टिकावा म्हणून असं एक मत, पत्र्याला नाळी पाडल्या की तो ताठ होतो तसं. मला ते पटतं, पण मी पत्र्याच्या शेडखाली वाढलेली आहे त्यामुळे पटत असेल.

सुरुवात तर सरळ शंखापासून झाली. सरळ नळीसारख्या शंखाचे बॅक्ट्राइट्स, त्यांच्यापासून साधारण ४१ कोटी वर्षांपूर्वी पहिले वाकडे झाले, अगदी पहिल्यांचे वेढे इतके सैल की मध्ये भोक राहायचं, मग ते घट्ट होत गेले. २५ कोटी वर्षांपूर्वी पर्मियनच्या शेवटी जवळजवळ सगळे मेले, मोजकीच घराणी उरली, त्यातून परत पसारा. २० कोटी वर्षांपूर्वी ट्रायासिक संपताना परत तेच. माझे सगळे गोटे त्या दुसऱ्या वेळी वाचलेल्यांचे वंशज.

२६ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. आता आतून बघायचं म्हणून नंबर ४ कापायला घेतला, परत डॅक्टिलिओसेरस, ७ सेंटीमीटर. फरशी कापायचा पाण्यावर चालणारा टाइल कटर, ५५ पौंड. मला हवा होता वेढ्यांच्या सपाटीत मधोमध काप, वडापावसाठी पाव चिरतो तसा. पण ब्लेड टेबलाच्या वर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर येतं, त्यामुळे एकीकडून कापा, फिरवा, दुसरीकडून कापा. दोन्ही काप मध्यभागी भेटलेच नाहीत. दीड मिलिमीटरची पायरी राहिली आणि ती नेमकी केंद्रावर.

पायरी घासून काढली, काढताना मध्य ओलांडला. नुकसान काय ते सांगते. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना शंख साधारण एक मिलिमीटरचा असतो आणि तो आयुष्यभर केंद्रात तसाच राहतो, बाकीचे वेढे त्याच्याभोवती चढत जातात. माझ्या घासण्यात तो पांढरा चिखल होऊन सिंकमध्ये गेला.

५ आणि १२ जानेवारी

नंबर ५. यावेळी मधोमध कापायचंच नाही असं ठरवलं. आधी गोटा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या चौकोनी ठोकळ्यात बसवला म्हणजे टेबलावर डुगडुगत नाही, आणि मधल्या रेषेच्या ३ मिलिमीटर बाजूने कापला. पायरी राहू दे, ती वाया जाणाऱ्या भागातच आहे. मग काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भरड पावडर, पाणी, आणि हाताने आठचा आकडा काढत घासणं. ८० नंबर चार तास, मग १२०, २२०, ४००. दर नंबर बदलताना हात, काच, दगड, ब्रश सगळं धुवायचं, भरडचा एक कण राहिला तरी चरे पडतात. शेवटचा अर्धा मिलिमीटर मी दर दहा हातांनी थांबून बघत होते.

आणि मिळालं. केंद्रात मोहरीहून लहान थेंब. त्याच्यापासून वेढे, वेढ्यांत कप्पे, प्रत्येक कप्पा आधीच्यापेक्षा जरासा मोठा, कप्प्यांत पांढरं-पिवळं कॅल्साइट. बाहेरच्या काठाला चिकटून कप्प्याकप्प्यांतून जाणारी तपकिरी दोऱ्यासारखी नळी. ही नळी जित्या प्राण्याचा भाग होती, नव्या कप्प्यातलं पाणी ती शोषून घ्यायची आणि तिथे वायू यायचा, त्यामुळे शंख तरंगायचा. नॉटिलस हा असाच शंखवाला, पण आजही जिवंत असलेला प्राणी, त्याच्यात नळी कप्प्याच्या मध्यातून जाते, अमोनाइटमध्ये बाहेरच्या काठाने, आणि ती नेमकी मधल्या पातळीतच असते, म्हणूनच नंबर ४ मध्ये तीही घासून गेली होती.

शेवटचा जवळजवळ पूर्ण वेढा मात्र नुसता करडा गाळ, एकही पडदा नाही. तेव्हा १३ ऑक्टोबरच्या नोंदीतला बाहेरचा वेढा आठवला. प्राणी राहायचा तो इथेच. तो मेला, सडला, दार उघडंच, गाळ सरळ आत. मागचे कप्पे बंद होते म्हणून तिथे स्फटिक.

सासूबाईंनी भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. "म्हणजे हे सगळं त्याचं घर. मग तो कुठंय?" मी म्हंटलं, आई, तो जवळजवळ कुणालाच सापडत नाही. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मोठ्या एक्स-रे यंत्रात एका सरळ शंखाच्या अमोनाइटच्या तोंडातले दात आणि खाल्लेले बारीक जीव दिसले होते. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्याच ग्लॉस्टरशायरच्या एका अमोनाइटमध्ये स्नायू सापडले, अंग आत ओढून घ्यायचे. नातं नॉटिलसपेक्षा माखलीशी आणि ऑक्टोपसशी जवळचं. यावर त्या म्हणाल्या, "माखली? देवा!" आणि हात धुवायला गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

पॉलिश. ६०० आणि १००० चा पेपर, मग सिरियम ऑक्साइड ओल्या फेल्टवर. गाळाचा भाग मऊ, स्फटिक कडक, त्यामुळे गाळ खोल घासला जातो आणि पृष्ठभाग वर-खाली होतो. उपाय म्हणजे ४०० झाल्यावर गाळाच्या भागावर सुपरग्लू पातळ पसरून सुकू द्यायचा, मग पुढे जायचं. पहिल्यांदा मी उलटं केलं, आधी पॉलिश मग ग्लू, सगळं परत ४०० पासून. पाच तास.

घासताना डोक्यात एकच चालू होतं. नॉटिलसची अंडी दोन-अडीच सेंटीमीटरची, पिल्लू बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागतं, म्हणजे पिल्लं थोडी, पण शिदोरी घेऊन. अमोनाइटची पिल्लं त्या मोहरीएवढी, ढिगाने, समुद्राच्या वरच्या थरात तरंगून बारीक जिवांवर वाढणारी. ६.६ कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली आणि वरच्या थरातलं ते खाणंच कोसळलं तेव्हा ही पिल्लं उपाशी मेली, नॉटिलसचे पूर्वज निभावले, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. त्याच सुमारास आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा ओतला जात होता.

२ फेब्रुवारी, रविवार

नंबर ६ फोडला, यावेळी सगळं नियमाने, वाळूची पिशवी, काठावरून, फिरवत फिरवत. आत काहीच नाही. नुसता दगड.

सासूबाई शनिवारी निघतायत. नंबर १ चा अर्धा तुकडा मागून घेतला, लेव्हलची रेघ असलेला. पॉलिश केलेला नको म्हणाल्या, ओला करून बघण्यात मजा आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिशोब, पौंडांत. कॉम्प्रेसर ९०, पेन २८, पाण्याचा ट्रॅप ९, टाइल कटर ५५, पावडर, पेपर आणि पॉलिश १७, पॅरालॉइड आणि ॲसिटोन १९, गोनियाटाइट ८, गॉगल आणि मास्क २१, वाया गेलेलं रिमूव्हर ३. एकूण २५०, पेट्रोल आणि शेजारच्या आजोबांना दिलेला चिवडा धरला नाही. वेळ साधारण ६० तास, त्यातले निम्मे स्वतःच्या चुका निस्तरण्यात. परत करायचं झालं तर टाइल कटर आधी घेईन आणि पेन नंतर.

नंबर ५ चा दुसरा अर्धा भाग अजून ४०० वरच आहे. ६०० चा पेपर संपलाय.